ऑफिसच्या वर्कशॉपचं साऊंड तुमच्या गळ्यात पडलं असेल तर

कंपनीत नवीन लागलात, एचआरमध्ये नाहीतर ॲडमिनमध्ये, आणि साहेब जाता जाता म्हणाले की पुढच्या महिन्यात हॉटेलात ८० लोकांचं वर्कशॉप आहे, साऊंडचं जरा बघून घे. मग बहुतेक जण काय करतात, हॉटेलला फोन लावतात, माईक आहेत का विचारतात, तो म्हणतो "हो सर, दोन कॉर्डलेस आहेत ना, हॉलबरोबर फ्री", आणि यांच्या वहीत साऊंडपुढे टिकमार्क पडते. कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी कळतं की त्या दोनातल्या एकाचं सेलचं झाकण सेलोटेपने चिकटवलेलंय आणि दुसरा फक्त स्टेजच्या डाव्या कोपऱ्यात चालतो.

मी पुण्यात बाणेर, हिंजवडी, चाकण या पट्ट्यात कंपन्यांच्या कार्यक्रमांना साऊंड देतो, लग्नं करत नाही, त्यामुळे दरवर्षी तुमच्यासारखे नवीन लोक भेटतात आणि तेच तेच प्रश्न विचारतात. म्हणून एकदाचं सगळं लिहून टाकतोय.

सुरुवातच बहुतेकांची चुकते. ते मला फोन करून विचारतात "८० लोकांना किती वॉटचं साऊंड लागेल?" अहो, माणसं किती यावरून फार तर स्पीकर ठरतात, आणि स्पीकर हा यातला सोपा भाग आहे. मला आधी दिवसाचं टाईमटेबल पाठवा. सेमिनार असेल तर एक बोलतो आणि बाकीचे ऐकतात, वर्कशॉपमध्ये सगळेच बोलतात, आणि ८० लोकांपैकी कोण कधी कुठून बोलणार हे माहीत नसेल तर कितीही भारी सामान आणलं तरी दुपारनंतर "आवाज येत नाही, आवाज येत नाही" सुरू होतंच.

पहिलं काम: कागद आणि चार रकाने

वेळ, कोण बोलणार, कुठे उभं राहून, आणि आवाज कुठे कुठे पोचायला हवा. एवढे चार रकाने आखा आणि ट्रेनरला फोन करून भरा, स्वतःच्या मनाने भरू नका. एक नमुना सांगतो. साडेनऊला एमडी पोडियमवरून स्वागत करणार. पावणेदहा ते अकरा ट्रेनर, हा माणूस एका जागी उभा राहत नाही, टेबलांमधून फिरतो. सव्वाअकराला ग्रुप ॲक्टिव्हिटी, १० टेबलं, प्रत्येक टेबलावरून एक जण उठून दोन मिनिटं बोलणार. साडेबाराला बाहेरगावच्या ऑफिसातल्या मॅडम ऑनलाईन येणार. जेवणानंतर १० मिनिटांचा व्हिडिओ. चारला चार जणांचं पॅनल आणि शेवटी प्रश्नोत्तरं.

आता हा कागद वाचा, सामानाची यादी त्यातूनच निघते. पोडियमला एक गूजनेक (वाकणाऱ्या दांडीचा) माईक, ट्रेनरला कॉलर माईक, टेबलांसाठी दोन कॉर्डलेस, पॅनलला चार माईक (सकाळचे दोन कॉर्डलेस त्यात धरले तर अजून दोन), लॅपटॉपचा आवाज एक लाईन, ऑनलाईनचा आवाज आत यायला एक आणि आपला आवाज तिकडे जायला एक. म्हणजे मिक्सरला (सगळे आवाज एकत्र करून स्पीकरला पाठवणारं मशीन) निदान ८ इनपुट हवेत आणि हॉलच्या स्पीकरशिवाय एक वेगळा आऊटपुट. हॉटेलचे दोन फ्री कॉर्डलेस आता कुठे राहिले बघा.

हॉल बघायला स्वतः जा

फोटोवर विश्वास ठेवू नका, फोटोत झुंबर दिसतं, एसीचा आवाज दिसत नाही. हॉलच्या मधोमध उभं राहून एक टाळी वाजवा. टाळी तिथेच मेली तर छान, टण्ण करून फिरत राहिली तर बोलण्याचे शब्द एकमेकांत मिसळणार. खाली टाईल्स, एका बाजूला पूर्ण काच आणि वर पीओपी असेल तर हे हमखास होतं. पडदे असतील तर ओढून परत टाळी वाजवा, फरक कळतो. माणसं भरली की आवाज अजून थोडा शोषला जातो, त्यामुळे रिकाम्या हॉलला घाबरून जाऊ नका, पण काचेचं काही होत नाही.

मग एसी चालू करायला सांगा आणि सगळ्यात मागच्या खुर्चीवर जाऊन बसा. मोबाईलवर आवाज मोजायचं ॲप असतं, आकडा अगदी बरोबर नसतो पण अंदाज येतो. साधं बोलणं एक मीटरवरून साधारण ६० डेसिबल असतं. मागच्या खुर्चीवर नुसत्या एसीचेच ५० दिसले तर बोलणाऱ्याचा आवाज तिथे ६५ च्या आसपास पोचवावा लागेल, म्हणजे गोंगाटापेक्षा १५ डेसिबल वर, तरच माणसाला कान न ताणता ऐकू येतं. दिवसभर कान ताणून ऐकलेला माणूस तीन वाजता झोपतो आणि दोष जेवणातल्या गुलाबजामवर जातो.

घडीची भिंत आहे का तेही बघा. बऱ्याच बँक्वेट हॉलचे असे सरकत्या भिंतीने दोन भाग करतात आणि त्या भिंतीतून सगळं ऐकू येतं. एका हॉटेलात आमचं लीडरशिपचं सेशन चालू होतं, विषय होता लक्ष देऊन ऐकणे, आणि पलीकडे साखरपुडा. बरोबर पावणेबाराला सनई सुरू. ट्रेनर बिचारा हसून म्हणाला "चला, मुहूर्त चांगला दिसतोय", पण पुढचा दीड तास वाया गेला तो गेलाच. त्या दिवशी शेजारी काय बुकिंग आहे हे हॉटेलला आधी विचारा आणि उत्तर मेलवर घ्या.

स्पीकर: मोठा एक की छोटे चार

आवाजाचा हिशोब असा की अंतर दुप्पट झालं की ६ डेसिबल कमी, मोकळ्या जागेत तरी. म्हणजे ५ फुटांवर जेवढा तेवढा १० फुटांवर नाही, २० वर अजून कमी, ४० वर अजून. मागच्यांना ऐकू यावं म्हणून पुढचे दोनच स्पीकर वाढवत नेले की पहिल्या रांगेचे कान बसतात, आणि मागे पोचतो तो भिंतींवरून आपटून आलेला गोंधळ. शब्द कळायला "त", "स", "क", "प" ही अक्षरं स्वच्छ यावी लागतात आणि ती बहुतेक वरच्या फ्रिक्वेन्सीत असतात, लोकांची डोकी मध्ये आली की तीच आधी अडतात. म्हणून स्पीकर स्टँडवर, उभ्या माणसाच्या डोक्याच्या वर, आणि तोंड किंचित खाली लोकांकडे. टेबलावर ठेवलेला स्पीकर फक्त पहिल्या टेबलासाठी असतो.

६० बाय ४० फुटांचा हॉल धरा. पुढे १२ इंची दोन ॲक्टिव्ह (ॲम्प्लिफायर आतच असलेले) स्पीकर आणि साधारण ३५ फुटांवर दोन्ही बाजूंना अजून छोटे दोन, सगळे माफक आवाजात. फक्त मागच्या दोनांना डिले द्यावा लागतो, म्हणजे त्यांचा आवाज किंचित उशिरा सोडावा लागतो, कारण पुढून येणारा आवाज तिथे उशिरा पोचतो. एका फुटाला जवळजवळ एक मिलिसेकंद लागतो, नेमकं सांगायचं तर थोडं कमी, त्यामुळे ३५ फुटांना ३० च्या वर, आणि त्यात आम्ही अजून १० टाकतो म्हणजे कानाला आवाज स्टेजवरूनच आल्यासारखा वाटतो. हे ऑपरेटरचं काम, तुम्ही फक्त विचारा "मागच्यांना डिले दिलाय ना?" एवढं विचारलं तरी समोरचा सरळ बसतो. बेस बॉक्स मात्र घेऊ नका, नुसत्या भाषणाला त्याचा काही उपयोग नाही, उगाच जागा अडते आणि बिल वाढतं.

छतातले स्पीकर असतील आणि चांगले असतील तर तेही चालतात, खरं तर बुटक्या छताच्या हॉलमध्ये तेच जास्त बरे. पण सगळे चालू आहेत का हे हॉलभर फिरून ऐका. मधले दोन-तीन मेलेले असतात आणि हॉटेलवाल्यालाही ते माहीत नसतं.

माईक, इथेच खरी गंमत आहे

हातातला माईक सगळ्यात भरवशाचा. शुअरचा एसएम-५८ हा १९६६ पासून चालत आलेला माईक आजही पोडियमवर दिसतो त्याला कारण आहे, समोरून येणारा आवाज घेतो आणि मागचा बराच सोडतो. (बाजारात त्याच्या डुप्लिकेट भरपूर, फारच स्वस्त मिळत असेल तर समजून जा.) पण लोक काय करतात, जाळीभोवती मूठ आवळतात, रॅपरसारखी. मूठ आवळली की माईकचा तो गुण जातो, तो चारी बाजूंनी ऐकायला लागतो, स्पीकरचा आवाज परत त्यात शिरतो आणि कुंईऽऽ करून शिट्टी मारतो. मधे धरा, हनुवटीच्या खाली, तोंडापासून चार बोटं. आणि बोलताना मान वळवली तर माईकपण वळवा.

कॉलर माईक ट्रेनरला आवडतो कारण हात मोकळे राहतात, आणि ऑपरेटरला आवडत नाही कारण तो तोंडापासून वीतभर लांब असतो, म्हणून गेन (मिक्सरवर माईकचा आवाज वाढवणं) जास्त द्यावा लागतो आणि शिट्टीची भीती वाढते. शक्य असेल तर गालापाशी येणारा हेडसेट माईक घ्या. कॉलरच लावायचा असेल तर छातीच्या मधोमध, बटणपट्टीवर. आणि आधी गळ्यातलं आयडी कार्ड काढायला लावा. माझ्या अनुभवात कॉर्पोरेट कार्यक्रमाचा एक नंबरचा शत्रू हे आयडी कार्ड आहे, दर पावलाला टक्, टक्, टक्, आणि आख्खा हॉल इकडेतिकडे बघतो की कोण दार वाजवतंय. मंगळसूत्र, मोत्यांची माळ, ओढणी, तेच. मॅडम साडीत असतील तर ट्रान्समीटर, म्हणजे माईकचा कमरेला लावायचा बॉक्स, कुठे अडकवायचा हा प्रश्न ऐनवेळी येतो आणि सगळेच अवघडतात, आमची पोरंही आणि मॅडमही. आदल्या दिवशीच फोन करून विचारा, "मॅडम, कमरेला बॉक्स लावायला बेल्ट किंवा खिसा असेल का, नाहीतर आम्ही हातातला माईक ठेवतो", आणि लावायला एखादी मुलगी टीममधली तयार ठेवा.

टेबलांसाठीच्या कॉर्डलेसचं बघा. दोन माईक आणि ते पळवायला दोन माणसं, माणसं नसतील तर माईक असून उपयोग नाही. एक टेबल बोलत असताना दुसरा माईक पुढच्या टेबलावर जाऊन थांबलेला हवा, मग मधे ते "माईक द्या, माईक द्या" होत नाही. हमखास कोणीतरी उठून म्हणतो "माझा आवाज मोठा आहे, मला माईक नको." त्याला प्रेमाने माईक द्या. त्याचा आवाज हॉलला पुरेल, ऑनलाईनवाल्यांना आणि रेकॉर्डिंगला तो मुका असतो.

एकावेळी उघडे माईक जितके कमी तितकं बरं. उघडे माईक दुप्पट झाले की शिट्टी सुरू होण्याआधी आवाज वाढवायला जी जागा असते ती ३ डेसिबलनी कमी होते. पॅनलमध्ये चार माईक असले तरी बोलणाऱ्याच्या माईकचा आवाज वर, बाकीच्यांचा खाली, म्हणून पॅनलच्या वेळी ऑपरेटरने चहाला जायचं नसतं.

कॉर्डलेसची अजून एक भानगड. प्रत्येक सेट वेगळ्या फ्रिक्वेन्सीवर हवा आणि तो जागेवर स्कॅन करूनच ठरवायचा, कारण आयटी पार्कात वायफाय एवढं असतं की २.४ गिगाहर्ट्झवरचे स्वस्तातले सेट तुटक बोलतात. यूएचएफ, म्हणजे वायफायपासून लांबच्या फ्रिक्वेन्सीवरचे सेट, मागा. त्यातही जुने ७०० मेगाहर्ट्झच्या आसपासचे सेट नको, २०२२ च्या लिलावानंतर तो पट्टा मोबाईल नेटवर्ककडे गेलाय. रिसीव्हर (कॉर्डलेसचा आवाज पकडणारा डबा) मिक्सरच्या मागे जमिनीवर नाही, वर, बोलणारा दिसेल असा. पेन्सिल सेल नवीन पाकिटातले, सकाळी एक जोडी आणि जेवणाच्या सुट्टीत दुसरी, पहिली संपली नसली तरी. अर्धे वापरलेले सेल टीव्हीच्या रिमोटला घरी न्या.

लॅपटॉपचा आवाज

व्हिडिओ सुरू होतो, चित्र दिसतं, आवाज नाही. दहापैकी निम्म्या वेळा कारण एकच, एचडीएमआय लावली की लॅपटॉप आपला आवाज आपोआप प्रोजेक्टरकडे पाठवतो. खाली उजव्या कोपऱ्यात स्पीकरच्या चिन्हावर जाऊन आऊटपुट बदला. हे तुम्हाला स्वतःला आलं पाहिजे, ऑपरेटर ट्रेनरच्या लॅपटॉपला हात लावत नाही.

दुसरं म्हणजे घुंंऽऽ असा आवाज. आपली लाईन ५० हर्ट्झची, चार्जर आणि मिक्सर वेगवेगळ्या सॉकेटवर असले की अर्थिंगच्या फरकाने तीच गुणगुण स्पीकरमध्ये येते. चार्जर काढून बघा, घुंं थांबलं तर तेच आहे. उपाय म्हणजे लॅपटॉप आणि मिक्सरच्या मध्ये डीआय बॉक्स नावाचा छोटा डबा लावायचा, त्यावर ग्राउंड लिफ्टचं बटण असतं ते दाबायचं, किंवा दोन्ही एकाच बोर्डावरून चालवायचं. प्लगची अर्थिंगची पिन काढून टाकायचा शहाणपणा काही जण करतात, ते अजिबात करू द्यायचं नाही, त्यात माणूस जातो.

ऑनलाईन लोक असतील तर

मॅडम ऑनलाईन बोलायला लागतात आणि तिसऱ्या वाक्याला थांबतात, कारण त्यांना स्वतःचाच आवाज परत ऐकू येतोय. मिक्सरमधून जो आवाज कॉलला पाठवता त्यात माईक आणि व्हिडिओचा आवाज असावा, कॉलवरून आलेला आवाज नसावा. याला मिक्स-मायनस म्हणतात, आणि त्यासाठीच वर तो वेगळा आऊटपुट मागितला. कोटेशन मागतानाच हा शब्द वापरा, समोरचा "म्हणजे काय मॅडम?" म्हणाला तर दुसरा बघा. हॉलमध्ये कॉलला जोडलेला लॅपटॉप एकच, बाकी कोणी हौसेने मोबाईलवरून जॉईन झाला असेल तर त्याचा माईक आणि आवाज दोन्ही बंद. टेस्ट आदल्या दिवशी, घरी बसलेल्या मित्राला कॉलवर घेऊन, आणि त्याला "ऐकू येतंय का" विचारू नका, त्याला बोलायला लावा आणि मग विचारा "तुझा आवाज तुला परत येतोय का?"

लाईट

पुण्यात गुरुवार म्हटलं की महावितरणची देखभालीची कामं निघतात, तारीख ठरवताना एवढं डोक्यात ठेवा. हॉटेलला जनरेटर असतोच, पण लाईट जाऊन जनरेटर येईपर्यंतचे ते काही सेकंद. डिजिटल मिक्सर बंद पडला की परत उठायला वेळ घेतो. माझ्याच बाबतीत झालंय, नेमके एमडी बोलत होते, "आणि म्हणून या वर्षी आपण..." ठप्प. लाईट दहा सेकंदांत आली, मिक्सर दीड मिनिटाने. ती दीड मिनिटं किती मोठी असतात ते मला विचारा. तेव्हापासून मिक्सर आणि रिसीव्हर छोट्या यूपीएसवर, साधा कॉम्प्युटरला लावतो तो पुरतो. साऊंडचं आणि चहाच्या मशीनचं सॉकेट वेगळं ठेवा. केबल भिंतीकडेने, दारासमोरून न्यावीच लागली तर गॅफर टेपने (कापडी चिकटपट्टी) पूर्ण चिकटवून, ब्राऊन टेप कार्पेटवर टिकत नाही आणि डाग ठेवतो.

परवानगीचं थोडक्यात. बंद हॉलमध्ये आतल्या आत ऐकू येईल असं साऊंड असेल तर २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांतली रात्री १० ते सकाळी ६ ची बंदी त्याला लागत नाही, कॉन्फरन्स रूम आणि बँक्वेट हॉल त्यात लिहिलेलेच आहेत. लॉनवर काही असेल तर लेखी परवानगी लागते. आणि हाय-टीला गाणी लावणार असाल तर म्युझिक लायसन्सचं हॉटेल बघतं की तुम्ही, हे आधी ठरवून घ्या.

कोटेशन आणि कार्यक्रमाचा दिवस

कोटेशनमध्ये "साऊंड सिस्टीम – १ सेट" असं लिहून आलं तर परत पाठवा. स्पीकर किती आणि कुठले, माईक कुठले किती, जादाचा माईक कोणता, ऑपरेटर दिवसभर थांबणार की लावून जाणार, हे सगळं लेखी हवं. पैसे वाचवायचे असतील तर स्पीकर कमी करा, ऑपरेटर काढू नका.

सकाळी साडेनऊचा कार्यक्रम असेल तर सामान साडेसातला लागलेलं हवं, कारण सव्वाआठला पहिली माणसं चहाला येतात आणि त्यांच्यासमोर "हॅलो, चेक, वन टू थ्री" बरं दिसत नाही. चेक करताना आकडे मोजू नका, पेपर घेऊन दोन मिनिटं बातमी वाचा, एक जण माईकवर आणि तुम्ही शेवटच्या टेबलावर. प्रत्येक शब्द कळतोय का एवढंच ऐका. नुसता आवाज मोठा आणि शब्द घोगरे असतील तर ऑपरेटरला सांगा, "दादा, खालचं जरा काढा", तो १०० हर्ट्झच्या खालचं कापेल, ३००-४०० च्या आसपास थोडं कमी करेल आणि लगेच फरक पडेल. मग माईक घेऊन स्पीकरच्या समोरून एकदा चाला, शिट्टी मारायची तर आत्ताच मारू दे. ट्रेनर फिरताना नेमका कुठे जाऊ नये ते कळलं की तिथे जमिनीवर टेपची एक फुली मारा आणि त्याला दाखवा.

एक माणूस मागच्या रांगेत ठेवा, त्याचं काम फक्त हात वर-खाली करून ऑपरेटरला सांगणं. आणि दुसरा संध्याकाळी दारात, कारण ट्रेनर लोकांना सहाची फ्लाईट असते, शेवटच्या टाळ्या संपायच्या आत ते कॅबमध्ये असतात आणि कॉलर माईक कमरेलाच. मागच्या पावसाळ्यात आमचा एक ट्रान्समीटर असाच एअरपोर्टच्या वाटेला लागला होता. पोरगा बाईकवरून विश्रांतवाडीपर्यंत भिजत गेला तेव्हा सिग्नलला कॅब सापडली. काचेवर टकटक केली तर आतले सर म्हणाले, "अरे, सेशन संपलं ना?"